व्यापार आणि व्रत : नावाचा माल आणि मालाचे नाव



पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा आणि कराड यांच्या दरम्यान, तारळी नदी कृष्णेला मिळते त्या ठिकाणी उंब्रज वसले आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे असल्याने बाहेरगावचे भाविक या गावाला ओळखतात. चाफळ, तारळे आणि मसूर या बाजूंचा शेतकरी मात्र उंब्रजला ओळखतो तो येथील पेठेमुळे. या पेठेत आमचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. वडिलांनी रेडिओच्या सुट्या भागांपासून आरंभ केला. पुढे दूरदर्शन संचांची दुरुस्ती आली. आज पंपाचे स्टार्टर, कंडेन्सर, एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर यांवर दुकान चालते. या सदरातून व्यापारातील नीतीविषयी आजवर जे लिहिले ते बहुतांशी इतरांच्या अनुभवांवर होते. या वेळी स्वतःच्या गल्ल्यामागे घडलेली चूक मांडावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातील ही गोष्ट. उसाला पाण्याची पाळी देण्याची घाई होती. तारळे बाजूचे एक शेतकरी, वडिलांच्या काळापासूनचे आमचे गिऱ्हाईक, हातात कंडेन्सर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. विहिरीवरील सिंगल फेज मोटरीसाठी बारा दिवसांपूर्वी त्यांनी तो आमच्याकडूनच नेला होता. आता मोटरच जळाली होती. मोटर पुन्हा भरून घेण्याचा खर्च कंडेन्सरच्या किमतीच्या कैक पटींनी अधिक, आणि त्यात पाण्याची पाळी चुकलेली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "शेठ, तुमच्याकडनं नेला म्हणून दुसरीकडं दाखवला न्हाई."

त्यांच्यासमोरच तो कंडेन्सर मीटरला लावला. वेष्टनावर ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असे छापलेले. मीटरने १९ दाखवले. मग त्याच खोक्यातील कोरा नग लावून पाहिला. तो बरोबर ३६ भरला. त्या क्षणी मनात एक विचार येऊन गेला, तो लिहावयास संकोच वाटतो, परंतु लिहिलाच पाहिजे. 'व्होल्टेज कमीजास्त होते, त्याचा हा परिणाम' असे सांगून मोकळे व्हावे, असा तो विचार होता. आमच्या भागात व्होल्टेजवर ठेवलेला दोष कोणालाही पटतो. मीटरचा आकडाही माझ्या बाजूने होता. परंतु समोरचा मनुष्य काहीही मागत नव्हता, आणि त्यामुळे मला ते वाक्य उच्चारता आले नाही.

दोन्ही नग घेऊन पेठेतील मोटर भरणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने कोऱ्या नगाची डबी करवतीने कापली. आत प्लास्टिकच्या पातळ फितीचा गुंडाळा होता, परंतु डबीच्या जेमतेम एक तृतीयांश जागेत मावेल एवढाच. उरलेली जागा काळ्या राळेने भरून काढलेली होती, की जेणेकरून हातात घेतल्यावर वजन जाणवावे. कारागिराने आपल्याकडील त्याच मापाचा, नामांकित उत्पादकाचा, निकामी झालेला एक जुना नग कापून शेजारी ठेवला. त्याचा गुंडाळा डबीच्या कडेपर्यंत पोहोचलेला होता. सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

गुंडाळा लहान असूनही क्षमता ३६ कशी भरली, याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण बहुतेक फसवणूक याच फटीतून शिरते. मोटरीला सतत जोडलेल्या राहणाऱ्या कंडेन्सरमध्ये प्लास्टिकच्या फितीवर धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. फीत किती जाड आहे यावर तो किती व्होल्ट सहन करील हे ठरते. जाडी निम्मी केली तर तेवढीच क्षमता पाव जागेत बसते. साहजिकच माल स्वस्त पडतो, परंतु सहनशक्तीही निम्म्यावर येते. आमचा नग वस्तुतः अडीचशे व्होल्टच्या आसपासचा असावा आणि त्यावर ४४० चे वेष्टन चढवलेले असावे. पुरवठा २३० व्होल्टचा असला तरी चालत्या मोटरीत कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये बहुधा तीनशेहून अधिक व्होल्ट येतात. अशा वेळी पातळ फितीला जागोजागी भोके पडतात. प्रत्येक भोकाभोवतीचा धातू ठिणगीने उडून जातो आणि तेवढा भाग आपोआप वेगळा पडतो. कंडेन्सर बंद पडत नाही, थोडा थोडा झिजत जातो. ३६ चे ३०, ३० चे २५, २५ चे १९ होतात. मोटर सुरू होताना गुणगुणते, जोर धरत नाही, वीज अधिक ओढते आणि शेवटी वाइंडिंग जळते. हातातील मीटर क्षमता मोजताना काही थोड्या व्होल्टचाच दाब देतो. म्हणून विक्रीच्या दिवशी तो नग मीटरच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. मी क्षमता मोजली होती. सहनशक्ती मोजली नव्हती.

हा माल आला कसा, हेही सांगितले पाहिजे. एक फिरता विक्रेता नेहमीच्या दरापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी भावात नामांकित छापाचे अठ्ठेचाळीस नग देऊन गेला. कच्च्या चिठ्ठीवर. 'पक्के बिल हवे असेल तर भाव वेगळा' असे तो म्हणाला होता, आणि मी हसून चिठ्ठी खिशात ठेवली होती. प्रकार उघडकीस आल्यावर त्याला दूरध्वनी केला. त्याने वाद घातला नाही. "तुम्ही भाव मागितलात, आम्ही भाव दिला. उरलेले परत पाठवा, दुसरे देतो," असे तो शांतपणे म्हणाला. त्याच्या म्हणण्यातील पहिले वाक्य खोटे नव्हते, हेच अधिक टोचले.

आपल्या आचार्यांनी या व्यवहाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. पाचव्याचा अर्थ, खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खरा म्हणून देणे. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत तो उलगडताना कृत्रिम सोन्यासारख्या वस्तूंनी केलेल्या वंचनेचा निर्देश केला आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात याच जागी 'सदृशसन्मिश्र' हा शब्द येतो, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या हलक्या मालाची भेसळ. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणातील वंदित्तु सूत्रामध्येही तत्प्रतिरूप व्यवहाराची आलोचना आहे. सोन्याच्या जागी कंडेन्सर आला, इतकाच काय तो फरक.

लहानपणापासून पाठ असलेली ही नावे मी त्या रात्री नव्याने वाचली आणि एकाच खरेदीत पाचही जागा सापडल्या. अवाजवी कमी भावाचा आग्रह धरून मी बनावट करणाऱ्याला उत्तेजन दिले, तो स्तेनप्रयोग. असा माल पुष्कळदा कारखान्यातून बाद ठरवलेल्या आणि मागच्या दाराने बाहेर काढलेल्या नगांचा असतो. तो कोठून आला हे न विचारता घेणे तदाहृतादानाच्या उंबरठ्यावर नेते. बिलाशिवाय खरेदी म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन. ४४० छापून अडीचशेचा माल देणे हे खोट्या मापाने देणे. आणि नामांकित छाप खोटा, म्हणून प्रतिरूपक. आपण दुकानात तराजू-काटा प्रमाणित करून घेतो, त्यावर शिक्का मारून घेतो आणि हीनाधिकमान आपल्याकडून होत नाही असे समाधान मानतो. परंतु ज्या मालाचे माप वेष्टनावरील आकड्यातच असते, तेथे तो आकडा हेच वजन आहे, आणि ते वजन आपण दुसऱ्याच्या विश्वासावर देत असतो.

येथे कोणी म्हणेल, मला ठाऊकच नव्हते, मग दोष कसला? शास्त्रात अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. माल बनावट असल्याचे मला ठाऊक नव्हते हे खरे. परंतु चाळीस टक्के कमी भाव ऐकून मन ज्या क्षणी विचारणा करण्याचे थांबले, तो क्षण मला आठवतो. ती पहिली पायरी होती. न कळणे आणि कळून घेण्याचे टाळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर व्यापारी स्वतः जाणतो.

ही व्याधी एकट्या उंब्रजच्या पेठेची आहे असे मात्र समजू नये. अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ आणि २०१० या दोन वर्षांतील संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १८०० प्रकरणे नोंदवली. त्यांतील भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती, आणि ते सैन्याच्या विमानांपर्यंत पोहोचले होते. त्याच वर्षी तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एक कल्पित कंपनी उभी करून सोळा भाग विकत घेतले. सोळांपैकी एकही अस्सल निघाला नाही, आणि सगळे चीनमधील विक्रेत्यांकडून आलेले होते. सर्वांत बोलका भाग पुढे आहे. काही भागांचे क्रमांक त्या अधिकाऱ्यांनी मनाने रचलेले होते. असा भाग जगात कोणी बनवतच नव्हता. तरीही विक्रेत्यांनी तो क्रमांक छापून माल पाठवला. मागणी येताच नाव छापून देणारा बाजार कसा चालतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

या मालाचा उगम बहुधा भंगारात असतो. टाकून दिलेल्या संगणकांचे फलक विस्तवावर तापवून त्यांवरील आयसी झाडून काढतात, धुतात, वरचे छापील अक्षर घासून टाकतात, काळा लेप देतात आणि त्यावर नवा क्रमांक, नवी तारीख, पुष्कळदा वरच्या प्रतीचे नाव छापतात. शून्य ते सत्तर अंश तापमानासाठी केलेला भाग उणे चाळीस ते पंच्याऐंशी अंशांचा म्हणून विकला जातो. उन्हात पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या स्टार्टरमध्ये हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही.

अशा मालाचा भुर्दंड कोणावर पडतो, हे २०१४ च्या ऑक्टोबरात दिसले. संगणकाला उपकरण जोडण्यासाठी लागणारी एक आयसी बनवणारी स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही कंपनी बनावट मालाने त्रस्त झाली होती. तिने आपल्या संगणकप्रणालीत असा बदल केला की बनावट आयसीचा ओळखक्रमांक शून्य होऊन ते उपकरण ओळखलेच जाईना. विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून हा बदल घरोघरी पोहोचला आणि असंख्य उपकरणे एकाएकी मुकी झाली. त्यांच्या मालकांना आपल्या वस्तूत बनावट भाग आहे याची कल्पनाही नव्हती. ओरड झाली आणि तो बदल मागे घ्यावा लागला. बनावट करणाऱ्याचे मात्र काहीच बिघडले नाही. तारळे बाजूच्या शेतकऱ्याचे आणि त्या उपकरणधारकांचे दुःख एकच आहे. साखळीच्या शेवटी उभा असलेला मनुष्य दंड भरतो.

आता पारख कशी करावी, याविषयी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत खरेदीस जाणाऱ्या आपल्या बांधवांनी काही गोष्टी अंगवळणी पाडाव्यात.

पहिली परीक्षा डोळ्यांची. आयसी भिंगाखाली पाहावी. एका टोकाशी पहिली पिन दाखवणारा छोटा खळगा असतो. त्याचा तळ गुळगुळीत आणि खोली सर्व नगांत सारखी असली पाहिजे. घासून पुन्हा लेप दिलेल्या नगात तो उथळ दिसतो किंवा रंगाने अर्धवट भरलेला असतो. वरचा पृष्ठभाग आणि कडा यांचा पोत वेगळा दिसला तरी संशय घ्यावा. पाय वाकून सरळ केल्याच्या खुणा किंवा जुन्या डाकाचे डाग असतील तर तो नग नवा नाही. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून अक्षरांवर घासावा. हे द्रव्य झटकन पेट घेते, म्हणून दिवा-उदबत्तीपासून दूर बसून हे काम करावे. काळा लेप बोळ्यावर उतरला तर निकाल लागला. उतरला नाही तर नग अस्सलच आहे असे मात्र समजू नये, कारण पक्का लेप देणारेही आहेत.

दुसरी परीक्षा तारखेची. पुष्कळ आयसींवर चार अंकी संकेत असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. २३४१ म्हणजे २०२३ चा ४१ वा आठवडा. शेवटचे दोन अंक ५३ च्या वर असतील, तारीख अद्याप उगवलीच नसेल, किंवा तो भाग ज्या वर्षी बनणे बंद झाले त्यानंतरची तारीख असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही.

तिसरी परीक्षा आपल्या घराण्यांना जन्मजात अवगत असलेली, म्हणजे वजनाची. आतून लहान आणि बाहेरून मोठा केलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काट्यावर हलका भरतो. टॉर्चमध्ये आणि बॅटरी बँकेत लागणारा १८६५० आकाराचा चांगला लिथियम सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि नामांकित उत्पादकांच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. वेष्टनावर ९९०० छापलेले असेल तर ते त्या आकारात शक्यच नाही, आणि असा सेल बहुधा वजनातही कमी भरतो. परंतु आमच्या बाबतीत राळेने वजनही भरून काढले होते हे विसरू नये. काटा हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

चौथी परीक्षा सहनशक्तीची. कंडेन्सरला छापील व्होल्टचा दाब देऊन पाहणे हे जाणकाराचे काम आहे, ते घरी करू नये. परंतु पेठेत मोटर भरणारा किंवा स्टार्टर बांधणारा कारागीर असतोच. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातील एक नग त्याच्याकडे नेऊन तपासावा आणि एक कापून पाहावा. दोन नगांची किंमत हा तोटा नसून खरेदीचा भाग आहे असे वहीत लिहावे. त्याचबरोबर सुरू करण्यापुरता क्षणभर लागणारा कंडेन्सर आणि सतत चालणारा कंडेन्सर ही दोन भिन्न जातींची वस्तू आहे. एकाच्या जागी दुसरा दिला तर छाप अस्सल असूनही व्यवहार प्रतिरूपकच होतो.

पाचवी परीक्षा चिन्हाची. मोटरीच्या कंडेन्सरसाठी आयएस २९९३ हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चार्जर, एलईडी दिवे, बॅटरी बँक यांवर आर अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर टाकून पाहता येतात. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा किंवा दुसऱ्याच उत्पादकाचा निघाला तर माल परत करावा. या कामाला दोन मिनिटे लागतात. दुकानातील मुलांनाही ते जमते.

घरातील भगिनींनी यातील एवढे तरी लक्षात ठेवावे. मुलांच्या हाती द्यावयाचा चार्जर आर-क्रमांक तपासल्याशिवाय घेऊ नये. लग्नाची छायाचित्रे ज्या मेमरी कार्डवर ठेवावयाची, ते आधी एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावे. ८ जीबीचे कार्ड ६४ जीबीचे म्हणून विकले जाते, ते आठ जीबीपर्यंत निमूट चालते आणि पुढची छायाचित्रे कायमची गमावतात.

सर्व परीक्षांच्या आधीची परीक्षा मात्र कागदाची आहे. अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलाने घेतलेल्या मालात बनावट शिरण्याची वाट फार अरुंद असते. कायद्याचेही लक्ष याच कागदावर आहे. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ प्रमाणे खोट्या छापाचा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, संशयास कारण नव्हते, आणि मागताच माल देणाऱ्याची सर्व माहिती आपण दिली, असे जो सिद्ध करील त्याला बचाव आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे मालाचा उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर सदोष मालाच्या हानीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. कच्ची चिठ्ठी खिशात ठेवणारा मनुष्य या दोन्ही ठिकाणी एकटा उभा असतो. आज मागे वळून पाहता, ते चाळीस टक्के म्हणजे भावातील सूट नव्हती. विक्रेत्याने आपली जबाबदारी माझ्या माथी मारली आणि त्याबद्दल मला दिलेला तो मोबदला होता.

पुढे काय केले ते सांगून थांबतो. अठ्ठेचाळीसपैकी तीस नग विकले गेले होते. शिल्लक अठरा विक्रेत्याकडे परत पाठवले असते तर पैसे सुटले असते. परंतु ते दुसऱ्या एखाद्या पेठेत, दुसऱ्या एखाद्या शेठच्या नावावर विकले गेले असते. म्हणून ते कारागिराच्या दुकानात नेऊन फोडले. त्या शेतकऱ्याची मोटर भरून दिली. ते नको म्हणत होते. "मोटर जुनीच हुती शेठ," असे त्यांनी दोनदा सांगितले. मग उधारीची वही काढली. सतरा नग उधारीत गेलेले असल्याने त्यांची नावे सापडली आणि एकेकाला निरोप देऊन नवा, पक्क्या बिलाचा नग बसवून दिला. रोखीने गेलेल्या तेरा नगांची नोंद कोठेच नव्हती. दुकानासमोर फलक लावला : अमुक छापाचा कंडेन्सर आमच्याकडून नेला असल्यास परत आणावा, विनामूल्य बदलून मिळेल. शेजारच्या व्यापारीबंधूंनी सल्ला दिला की असा फलक लावल्याने दुकानाचे नाव जाईल. तो सल्ला प्रेमाचा होता. फलक तीन महिने राहिला. चार नग परत आले. एक जण तर मोटर सुस्थितीत असतानाच, केवळ फलक वाचून, कंडेन्सर सोडवून घेऊन आला.

उरले नऊ. ते कोणत्या विहिरींवर आहेत, किती झिजले, कोणाच्या पाण्याची पाळी चुकली, हे कळण्याचा मार्ग नाही. त्या शेतकऱ्यांनी बहुधा नशिबाला किंवा व्होल्टेजला दोष देऊन मोटर भरून घेतली असेल. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. गेली दोन वर्षे ते शब्द उच्चारताना मला चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या आधी ही नऊ माणसे आठवतात, ज्यांची तोंडेही मला आठवत नाहीत. क्षमा मागावी तर कोणाकडे, हे ठाऊक असणे ही देखील एक सवलत असते, आणि रोखीच्या विक्रीत नोंद न ठेवून मी ती गमावली.

तेव्हापासून दुकानात दोन नियम आहेत. कच्च्या चिठ्ठीवर एक फ्यूजसुद्धा घेत नाही. आणि रोखीने गेलेल्या प्रत्येक कंडेन्सरच्या विक्रीवर गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि गठ्ठ्याचा क्रमांक लिहिला जातो. गिऱ्हाईक कधी विचारते, "रोख दिलंय की शेठ, मग नाव कशाला?" तेव्हा सांगतो, "चूक आमची निघाली, तर तुम्हाला शोधत यावं लागेल म्हणून."